साखर २७: भरीत पार्टीनंतरच्या एका सकाळचं प्रकरण

डिसेंबरातली सकाळ. सव्वाआठला दवाखान्याच्या पायरीपाशी एक छोटा हत्ती येऊन थांबला. मागच्या हौद्यात गोधडीवर एक गृहस्थ आडवे पडलेले, डोकं मुलाच्या मांडीवर. तोंडाला दारूचा वास. थंडी अशी की आणणाऱ्यांच्या बोलण्यातून वाफ निघत होती, आणि यांचं बनियन मात्र घामानं पिळून काढावं इतकं ओलं. सोबतच्या एकानं मला बाजूला घेतलं. "काही नाही साहेब, रात्री जास्त झाली. एखादी सलाईन लावा, उतरेल."

तो हे सांगत होता तोवर आमच्या सिस्टरनी बोटाला सुई टोचलीसुद्धा. आमच्या कॅज्युअल्टीत एकच नियम भिंतीवर लिहून लावलेला आहे: रुग्ण शुद्धीवर नसेल, तर कारण काहीही सांगोत, आधी साखर बघायची. मशीननं पाच सेकंद घेतले आणि आकडा दाखवला, २७.

७० च्या खाली साखर गेली की ती कमी म्हणायची, ५४ च्या खाली गेली की धोक्याची. २७ वर मेंदू उपाशी असतो. मेंदूकडे स्वतःची शिल्लक जवळपास नसते, रक्तातून येईल त्यावरच त्याचा संसार. हा उपास काही तास लांबला तर माणूस वाचूनही पूर्वीचा राहत नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. हे प्रकरण रुग्णाच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे आबा म्हणू, गावातही त्यांना बरेच जण तेच म्हणतात. वय ५४, कोरडवाहू थोडी आणि विहिरीची थोडी अशी शेती, कापूस आणि मका, रब्बीला दादर ज्वारी आणि हरभरा. मधुमेह ९ वर्षांपासून. गोळ्या माझ्याच: ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० अशी जोडगोळी, सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी, आणि रक्तदाबाची एक. वजन ५८ किलो. क्रिएटिनिन १.५, म्हणजे मूत्रपिंडांची ताकद थोडी उतरलेली. शेवटचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.१. तो रिपोर्ट बघून मी त्यांची पाठ थोपटली होती, हे मला स्पष्ट आठवतं.

त्यांच्या केसपेपरवर "व्यसन" या शब्दापुढे माझ्या अक्षरात "नाही" लिहिलेलं आहे.

उपचाराचं थोडक्यात सांगतो. शीर मिळताच आधी थायमिनचं, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं आणि लगेच २५ टक्क्यांचं ग्लुकोज १०० मिली. नेमानं पिणाऱ्या माणसात बी-१ ची कमतरता असते. तशात नुसतं ग्लुकोज ओतलं तर मेंदूच्या एका भागाला इजा होऊ शकते, म्हणून दोन्ही हातात हात घालून द्यायची. थायमिन शोधण्यात ग्लुकोज मात्र रखडवायचं नाही. सातव्या-आठव्या मिनिटाला आबांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणीनी मोटर बंद करी का?" रात्रीपासून त्यांच्या डोक्यात तोच विचार अडकून राहिला असावा. मुलगा तिथंच भिंतीला टेकून रडायला लागला. तोवर तो बापावर चिडलेला होता.

पंधरा मिनिटांनी साखर १४८. नातेवाइकांना वाटलं, झालं, आता घरी न्यावं. मी नाही म्हणालो. अकरा वाजता ती पुन्हा ६१ होती, १० टक्के ग्लुकोजची ड्रिप चालू असताना. दुपारी चारला ५८. ग्लिमेपिराइडचा अंमल एक दिवस टिकतो आणि मूत्रपिंड मंद असतील तर त्याहून लांबतो. म्हणून या गटातल्या गोळ्यांमुळे साखर उतरलेल्या माणसाला एकदा शुद्धीवर आणून घरी पाठवणं ही फार मोठी चूक असते. घरी जाऊन तो रात्री परत झोपतो, आणि ती झोप कोणी मोडत नाही. आबांना आम्ही ३६ तास सोडलं नाही, दर दोन तासांनी बोट टोचत राहिलो. स्वादुपिंडाला आवरणारं ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन अशा वेळी कामाला येतं. ते आमच्याकडे नव्हतं, ड्रिपवरच निभावलं. साखर वर आणणाऱ्या ग्लुकॅगॉनच्या इंजेक्शनचा तर इथे फारसा उपयोगच नव्हता. त्याचं कारण पुढे येईलच.

आदली रात्र

दुपारनंतर, आबा बोलते झाल्यावर, मी त्यांच्याकडून आणि त्यांच्या पत्नीकडून, म्हणजे वहिनींकडून, आदला दिवस तासातासानं विचारून घेतला. प्रकरणाचं खरं मर्म त्यात आहे.

सकाळी चहा आणि गोळी, नऊ वाजता भाकरी. दिवसभर हरभऱ्याला पाणी भरणं. दुपारी एकला दादरची एक भाकरी, ठेचा, ताक. पुन्हा संध्याकाळपर्यंत चिखलातून बारे मोडत फिरणं. साडेसहाला घरी येऊन हातपाय धुतले. वहिनींनी आठवण केली म्हणून संध्याकाळची गोळी घेतली, कारण जेवण मित्राच्या मळ्यात होतं.

खानदेशातल्या माणसाला भरीत पार्टी सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. हिवाळ्यात बामणोदकडची हिरवी-पांढरट मोठी वांगी येतात. ती कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, हिरवी मिरची आणि लसणाबरोबर लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, मग पातीचा कांदा, शेंगदाणे, तेलाची फोडणी. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी नाहीतर पुऱ्या. हे सगळं तिथंच, मळ्यात, दहा-वीस माणसांसाठी करायचं म्हणजे तीन तास जातात. जाळ पेटतो साडेसातला, पंगत बसते साडेदहाला. मधल्या तीन तासांत बऱ्याच मळ्यांमध्ये दुसरं काय चालतं, तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आबांनी एक क्वार्टर संपवली आणि दुसरीतला तिसरा हिस्सा, म्हणजे साधारण २४० मिली व्हिस्की. चकण्याला मूठभर फुटाणे. पंगत बसली तेव्हा त्यांनी पानात भरीत घेतलं, ते दोन बोटं चाखलं, आणि पुऱ्या परत केल्या. मित्रांनी आग्रह केला तर म्हणाले, साखर आहे मला, आज आधीच घेतली आहे, वर पुऱ्या नको. साडेअकराला कोणीतरी मोटारसायकलवर घरी सोडलं.

मी त्यांना विचारलं, जेवला का नाहीत? आबा मनापासून गोंधळलेले होते. "मी तं पथ्यच करं डाक्टर. पुरी खादी नही, भाकर खादी नही. दारूमा कोठे साखर ऱ्हास?"

हे वाक्य मी केसपेपरवर तसंच लिहून ठेवलं आहे. हा माणूस बेफिकीर नव्हता. त्यानं गोळी चुकवली नाही, तळलेलं टाळलं, पिठाचं टाळलं. नऊ वर्षं आम्ही डॉक्टरांनी त्याच्या कानीकपाळी एकच ओरडून ठेवलं होतं की साखर वाढू देऊ नका. ती खाली पडते, आणि पडली की वाढण्यापेक्षा कितीतरी झपाट्यानं जीव घेते, हे त्याला कोणी नीट बसवून सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

आत काय घडलं

आबांचं म्हणणं एका अर्थानं बरोबर होतं. व्हिस्कीत साखर जवळजवळ नसतेच. आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

आपण झोपलो तरी शरीराला साखर लागतेच. ती रात्रभर यकृत पुरवतं, आणि दोन मार्गांनी. एक म्हणजे साठवलेली साखर, ग्लायकोजेन. भरल्या पोटी यकृतात ती ८०-१०० ग्रॅम असते, घरातल्या कणगीसारखी. दुसरा मार्ग म्हणजे नवीन साखर तयार करणं: स्नायूंतून आलेलं लॅक्टेट, प्रथिनांचे तुकडे, चरबीतलं ग्लिसरॉल, यांपासून यकृत ताजं ग्लुकोज बनवतं. ही झाली गिरणी. कणगी उतरायला लागली की गिरणीचा भार वाढतो.

आबांची कणगी त्या रात्री आधीच तळाला गेली होती. दुपारी एक भाकरी, त्यावर चार-पाच तास अंगमेहनत, रात्री जेवण नाही. ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन यकृतातल्या साठ्यालाच हाक मारतं, साठा नसेल तर ती हाक वाया जाते.

गिरणी दारूनं बंद पाडली. शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून यकृत बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते निस्तरतं. ते मोडताना पेशीतलं एनएडी नावाचं सहायक द्रव्य खर्ची पडतं, आणि नवं ग्लुकोज बनवायलाही तेच लागतं. ते उरलं नाही की साखर बनणं थांबतं. ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलीत जवळजवळ ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, २४० मिलीत ८० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मोडतं. हिशोब करा. आठ वाजता सुरू झालेलं काम पहाटे चार ते सकाळी सात याच्या आत संपणार नव्हतं. म्हणून दारूमुळे साखर उतरते ती बहुतेक वेळा पिताना उतरत नाही, कित्येक तासांनी, पहाटे किंवा दुसऱ्या दिवशी उतरते. तेव्हा माणूस झोपलेला असतो.

आणि या सगळ्यात ग्लिमेपिराइड आपलं काम इमानानं करत होतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात भाकरी आहे की नाही हे ती विचारत नाही. कणगी रिकामी, गिरणी बंद, आणि मागणी चालूच. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड ही त्याच घराण्यातली. इन्शुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका, किंबहुना जास्त.

तीन वाजता

वहिनी त्या रात्री तीनला उठल्या होत्या. आबांच्या अंगावरची गोधडी बाजूला पडलेली, बनियन भिजलेलं, तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू. त्यांनी हाक मारली, उत्तर धड नाही. पाचच्या सुमाराला मुलानं उठवायला हलवलं तर आबांनी त्याला ढकललं आणि शिवी दिली. असं ते एरवी कधीच करत नाहीत. मुलगा रागावून बाहेर गेला. सातनंतर हलवूनही जाग येईना, घोरण्याचा आवाज बदलला, तेव्हा धावाधाव. त्यातही शेजारच्या दोघांनी लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला. ते हनुवटीवरून ओघळलं हे नशीब. गिळायची शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

वहिनी मला म्हणाल्या, "रातले पिसन उनात, काय नवं शे? उतरनी म्हणजे उठतीन, आसं म्हणीसन मी पडू दिधं." बोलताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगतो: यात त्यांची चूक नाही. दारू चढलेला माणूस आणि साखर उतरलेला माणूस दिसायला सारखेच. जीभ जड, पाय अडखळतात, घाम, चिडचिड, शिवीगाळ, मग गाढ झोप. मोठमोठ्या डॉक्टरांनासुद्धा नुसतं बघून फरक करता येत नाही. शिवाय दारूमुळे माणसाला स्वतःलाही धडधड, थरथर, भूक या खुणा कळेनाशा होतात. फरक दाखवतं ते एक मशीन आणि रक्ताचा एक थेंब.

उशीर होण्याचं आणखी एक कारण होतं. सगळ्यांना लाज वाटत होती. पिऊन पडलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे गावभर होणार. मुलानं हे नंतर कबूल केलं. सहा वाजताच त्याच्या मनात आलं होतं, पण रस्त्यावर दूध घालायला जाणारी माणसं असतात म्हणून तो थांबला. लोक त्या घराला नावं ठेवतील या भीतीनं दोन तास गेले. याबद्दल मला त्या घराचा राग येत नाही. आपण सगळ्यांनीच दारूची लाज इतकी मोठी केली आहे की तिच्या आडून आजार दिसत नाही, याचा राग येतो.

मग वहिनींनी सहज म्हणून जे सांगितलं, त्यानं मी हादरलो. गेली दोन वर्षं महिन्यातून दोन-तीनदा आबा रात्री घामाघूम होऊन उठायचे, स्वयंपाकघरात जायचे आणि डब्यातला गूळ खायचे. "वाईट सपन पडनं" म्हणायचे. सकाळी सगळं विसरून कामाला.

ती स्वप्नं नव्हती. साखर त्यांना पुनःपुन्हा बजावत होती, आणि त्या गुळाच्या खड्यानं ते दोन वर्षं वाचत आले होते. मी मात्र ७.१ बघून खूश होतो. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी. दिवसा २२० आणि पहाटे ५० असं असलं तरी सरासरी सुरेख येते. आणि बराच काळ जास्त पिणाऱ्यांमध्ये तो आकडा आहे त्यापेक्षा कमी येऊ शकतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबणं धोक्याचं.

"व्यसन: नाही"

ते "नाही" कसं लिहिलं गेलं? चौदा महिन्यांपूर्वी आबा माझ्यासमोर बसले होते, शेजारी त्यांची सून उभी होती, दारात पुढचे तीन पेशंट डोकावत होते. मी मान खाली घालून विचारलं, "दारू-बिरू घेत नाही ना?" प्रश्नातच उत्तर होतं. सुनेसमोर आमच्याकडचा कोणता सासरा हो म्हणेल?

खरी गोष्ट अशी की दोन-अडीच वर्षांपासून, कापसाचा भाव पडला त्या हंगामापासून, ते जवळजवळ रोज संध्याकाळी क्वार्टर घेत होते. इतर दिवशी घरी येऊन भाकरी खायचे म्हणून निभावलं. त्या दिवशी मेहनत जास्त, दारू जास्त आणि भाकरी नाही, असं तिन्ही एकत्र आलं.

आता मी बाकीच्यांना बाहेर बसवून विचारतो, आणि "पिता का" असं विचारत नाही. "महिन्यातून किती वेळा बसणं होतं?" असं विचारलं की माणूस आकडा सांगतो. आणखी एक शिकलो. चोपडा, यावल, शिरपूर, अक्राणी या सातपुड्याच्या पट्ट्यातून येणाऱ्या भिल्ल आणि पावरा बांधवांमध्ये मोहाची दारू सणात, लग्नात, देवाच्या कार्यात असते. ते तिला "दारू पिणं" यात धरतच नाहीत. म्हणून नावं घेऊन विचारावं लागतं: मोहाची? ताडी? देशी? बियर? यात कोणाला हिणवायचं नसतं. गोळी कोणती द्यायची हे त्या उत्तरावर ठरतं. हातभट्टीच्या बाबतीत तर किती प्यायली याचा हिशोबच लागत नाही. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची यात जमीन-अस्मानाचा फरक, आणि भेसळीत मिथेनॉल असेल तर डोळे जातात, जीव जातो.

आबांच्या बाकीच्या तपासण्यांत दारू ठिकठिकाणी दिसली. एसजीओटी ८८, एसजीपीटी ५२. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा वर असणं ही दारूनं दुखावलेल्या यकृताची ओळखीची चाल. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, ४१०, हे अजून चढलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती. तळपायाला बारीक तार टेकवली तर दहापैकी चार जागी कळलं नाही. नसा मधुमेह खातो तशा दारूही खाते, दोघं मिळून लवकर खातात.

दुसऱ्या रात्री त्यांना पुन्हा घाम फुटला, हात थरथरायला लागले. सिस्टर धावत आल्या, साखर बघितली, १३२. म्हणजे यावेळी साखर नव्हती, दारू तुटल्याची थरथर होती. लोराझेपामच्या लहान डोसवर शांत झोपले. घाम तोच, थरथर तीच, कारण वेगळं. मशीन नसतं तर आम्हीही चुकलो असतो.

मग काय बदललं

ग्लिमेपिराइड त्या दिवसापासून बंद. त्याऐवजी सिटाग्लिप्टिन, जी पोटात अन्न नसताना साखर फारशी खाली ओढत नाही. तिचं पेटंट २०२२ मध्ये संपल्यापासून ती शेतकऱ्याच्या खिशाला परवडते, हाही मुद्दा लहान नाही. तरी ट्रायग्लिसराइड आणि दारू दोन्ही असताना पोटात कळ आली तर त्याच दिवशी यायचं, हे बजावून ठेवलं. उलट्या नाहीत, यकृत-मूत्रपिंड सावरलंय, हे बघून मेटफॉर्मिन पुन्हा कमी मात्रेत सुरू केली. भरपूर दारू, उलट्या आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती घेतली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठू शकतं. डॅपाग्लिफ्लोझिनचा विचार केला आणि सोडून दिला. त्या गटातल्या गोळ्या एरवी उत्तम, पण पिणाऱ्या आणि न जेवणाऱ्या माणसात त्या कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन आम्लं साठणं, घडवू शकतात, तेही साखर फारशी वाढलेली नसताना, म्हणजे कोणाच्या लक्षातही येत नाही.

दारूबद्दल मी आबांना स्पष्ट सांगितलं, तुमच्यासाठी शून्य. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत म्हटलंच आहे की आरोग्याला सुरक्षित अशी दारूची कोणतीही मात्रा नाही. आणि आबांच्या यकृताकडं, नसांकडं पाहता माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. पण मी एवढ्यावर थांबलो नाही. नुसतं "सोडा" म्हणून पाठवलेला माणूस पुढच्या वेळी लपवतो, आणि लपवलेली दारू उपाशीपोटी लवकर उरकली जाते. म्हणून हेही सांगितलं: घसरलातच, तर आधी जेवायचं, भाकरी खायचीच. झोपण्याआधी साखर बघायची, १०० च्या आसपास किंवा खाली असेल तर दूध-भाकरी खाऊन झोपायचं. घरात कोणाला तरी सांगायचं. आणि दारू प्यायची आहे म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. हा प्रकार आमच्याकडे सर्रास चालतो, लग्नसराईत आठ-आठ दिवस गोळ्या बंद आणि मग साखर ४०० घेऊन माणूस दारात. बियर आणि कोल्ड्रिंकमध्ये मिसळलेली दारू आधी साखर चढवते आणि मग पाडते, म्हणून "मी फक्त बियर घेतो" यातही दिलासा नाही.

वहिनींना आणि मुलाला मशीन शिकवलं. पहिल्यांदा वहिनींनी स्वतःच्या बोटाला टोचून बघितलं, म्हणाल्या, काही दुखत नाही की. साखर ७० खाली आणि माणूस शुद्धीत, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, वर आली की भाकरी. गूळही चालेल, पण पाण्यात विरघळवून. शुद्ध नसेल तर तोंडात काही नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. लोक काय म्हणतील हे दुसऱ्या दिवशी बघू.

भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतला हा आकडा. त्यातले किती जण दारू घेतात आणि किती जण डॉक्टरांसमोर नाही म्हणतात, हे आपापल्या ओपीडीत प्रत्येकानं विचारून बघावं. मी विचारायला लागल्यापासून पहिल्याच महिन्यात माझ्या जुन्या केसपेपरांवरची बरीच "नाही" खोडावी लागली. त्यातल्या कित्येकांच्या गोळ्या ग्लिमेपिराइडच्याच होत्या.

आबा तीन महिन्यांनी आले तेव्हा दोनदा घसरले होते, एकदा गावच्या जत्रेत आणि एकदा पुतण्याच्या हळदीत. दोन्ही वेळा आधी जेवले होते. हे त्यांनी आपण होऊन सांगितलं, मुलगा शेजारी असताना. आखाजीच्या आसपास, साधारण पाच महिन्यांनी, एचबीए१सी ७.८ आलं. लॅबनं त्या आकड्याखाली ठळक रेघ मारली होती, आबा ती बोटानं दाखवत होते, पडलेल्या चेहऱ्यानं. मी म्हणालो, चालेल, तुम्हाला सध्या इतकंच हवं आहे. एसजीओटी ४६ वर आलं होतं, ट्रायग्लिसराइड २६० वर. यकृताची सोनोग्राफी अजून व्हायची आहे, मक्याचे पैसे आले की करू म्हणालेत.

मग वहिनींनी पिशवीतून एक शाळेची वही काढली. मुलाच्या अक्षरात तारखा, रेघा मारून केलेले रकाने: सकाळ, जेवणाआधी, झोपताना. आणि चौथा रकाना, जो मी सांगितलाच नव्हता, वहिनींनी पाडून घेतला होता. त्यावर लिहिलं होतं, "रात ३".

त्यातला सगळ्यात खालचा आकडा ९४ होता.